सड्यावरचा जोडकांदा

लग्न होऊन चार पावसाळे गेले तरी यशोदेची कूस उजवली नाही, तेव्हा तोंडवलीच्या सासूनं तिच्या हातात खुरपं दिलं आणि सड्याकडे बोट दाखवलं. श्रावणात त्या कातळावर, जिथे चिमूटभर माती साचते तिथे, पांढऱ्या फुलांची रोपं उभी राहत. रोप उपटलं की मुळाशी दोन कांदे निघत, एक भरलेला, एक सुरकुतलेला. गावात त्याला जोडकांदा म्हणत. औषधपाणी करणाऱ्या महादूनं सांगून ठेवलं होतं : भरलेला घोवाला, सुरकुतलेला बायकोला, दोन्ही दुधात शिजवून.

यशोदा दर वर्षी खणत राहिली. गुडघे कातळावर सोलवटत. नवरा गणपत भरलेला कांदा खाई आणि होडीकडे निघून जाई. दूध नासल्यासारखी त्या सुरकुतलेल्या कांद्याची चव तिच्या जिभेवर दिवसभर राही.

अठ्ठावन्न साली गणपतनं दुसरी बायको आणली. कायद्यानं बंदी होती, पण देवळात हार घालायला कायदा कुठे आडवा येतो? सुगंधा दोडामार्गाकडची, बापाविना वाढलेली, यशोदेहून दहाएक वर्षांनी लहान. पहिले काही दिवस यशोदेनं तिच्याशी शब्द काढला नाही. मग एकदा पोर चुलीपुढे हुंदके देताना दिसली, आणि यशोदेनं तिच्या केसांना तेल लावून दिलं. तेव्हापासून सुगंधा तिला बाय म्हणू लागली.

पण तिचीही कूस उजवेना. आता यशोदा दोघींसाठी खणत होती.

"बाय, माका पण दाखव कसा ओळखूचा ता."

"फूल बघल्याशिवाय खणू नको हां. कांदे सगळ्याच झाडांक आसतत."

बासष्ट सालच्या श्रावणात मिठबावला यशोदेची आई अंथरुणाला खिळली. यशोदा माहेरी गेली ती आईचं बारावं उरकूनच परतली. तोवर सड्यावरचं गवत कापून झालं होतं, फुलं केव्हाच गळली होती. घरी पाऊल टाकलं तर सुगंधा मागच्या पडवीत ओकत पडलेली. तोंड आतून सोललेलं, हातपाय गार.

"काय खाल्लंस गो?"

"सासू म्हणाली, औंदाचो कांदो चुकलो. मियाच खणलंय. जोडच होतो गो, बाय. घोव खावचो होतो, मिया आधी खाल्लंय."

पडवीच्या कोपऱ्यात उरलेला तुकडा होता. दोन फाटे फुटलेला, नांगरासारखा वाकडा. यशोदेला बघताक्षणी कळलं. कळलावी, जहरी मूळ. लालपिवळ्या फुलांनी पेटलेली असती तर गावातल्या पोरानंही हात लावला नसता. पण फूल नव्हतं, आणि मातीखाली दिसायला जोडच.

महादूनं ताक पाजायला सांगितलं आणि पाठ फिरवली. गणपतनं होडी काढली. मालवणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. शेवटपर्यंत सुगंधेला शुद्ध होती. "माका पाणी दी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तेरावं होण्याआधीच गावात कुजबुज सुरू झाली, सवतीनं विष घातलं. यशोदा मिठबावला होती हे गणपतला ठाऊक होतं. सासूलाही. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

त्या दिवसांत तिच्याशी बोलणारी एकच बाई उरली होती, खाडीपलीकडच्या शाळेत शिकवणारी बर्था. विहिरीवर यशोदेनं तिला जोडकांद्याचं विचारलं, हे खरंच औषध आहे का म्हणून. बर्था थोडी अवघडली, मग सरळ बोलली.

"इंग्रजीत ह्या झाडांका ऑर्किड म्हणतत. मूळ शब्द ग्रीक लोकांचो. त्याचो अर्थ पुरुषाची अंडां. मुळाशी तशी जोडी दिसली म्हणून ता नाव. आनि तशी दिसतत म्हणून पोरां होवक खावची, असा त्यांकाय वाटला."

"कोणी करून बघूक नाय?"

"नाय. नुसता दिसला तसा मानल्यानी. आमच्या हंय पण तसाच झाला आसतला."

यशोदा कळशी तशीच टाकून कठड्यावर बसली. आठ-नऊ पावसाळे ती एका दिसण्यामागे कातळ खरवडत होती. आणि सुगंधा दुसऱ्या दिसण्यानं गेली.

पुढच्या शिमग्यात कानावर आलं की सासू गणपतसाठी तिसरी मुलगी बघते आहे, आचऱ्याच्या बाजूची. यशोदा कुणाला न सांगता त्या घरी गेली. अंगणात माणसं बसली होती. मुलीच्या बापाला, बाबली त्याचं नाव, ती उभ्यानंच म्हणाली, "दोन बायका झाल्यो, पोर नाय. दोष आमचो न्हय, घोवाचो आसा. तुमचा चेडू थंय दिव नको."

बापानं तिला बसही म्हटलं नाही. पण सोयरीक मोडली. मध्यस्थाला त्यानं काय सांगितलं ते यशोदेला नंतर कळलं : "सवतीक विष घालणारी बाई ज्या घरात आसा, थंय माझा चेडू जावचा नाय."

गणपतनं तिची लुगडी अंगणात फेकली. ती गोळा करून यशोदा मिठबावला भावाच्या गोठ्याशेजारच्या खोपटात राहायला गेली. सगळं ठाऊक असूनही लोकांच्या बोलण्याला भिऊन भावजय तिला चुलीपाशी येऊ देत नसे, भाकरी बाहेर आणून ठेवी. एकदा बर्था भेटायला आली आणि म्हणाली, मी लोकांना खरं सांगते.

"ऱ्हवांदे," यशोदा म्हणाली. "त्याच खोट्यान त्या चेडवाक वाचवला ना. मगे माका काय म्हणतत ते म्हणांदेत."