अर्धा कोयता

परवा बचत गटांच्या मेळाव्यात संयोजकांनी माझ्या हातात माईक दिला आणि सांगितलं, "ताई, दोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्या." नवऱ्याचं नाव, गावाचं नाव सांगितलं की बाईची ओळख संपते, असं त्यांना वाटत असावं. मला दोन मिनिटं पुरली नाहीत. राहिलेलं इथं लिहिते.

लग्न होऊन आले तेव्हा मी अर्धा कोयता होते. आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा. दिवाळी झाली की आम्ही जोडीनं जायचो, लेक झाल्यावर तीही काखेत. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत ती रांगली, तिथंच चालायला लागली. पुढं पहिलीत घातली, तर दिवाळीपर्यंत गिरवलेली अक्षरं गुढीपाडव्याला परत येईस्तोवर पार पुसून गेलेली. पाटी पुढ्यात घेऊन ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. मला रडू आलं आणि रागही आला. ही पोर पुन्हा उसाच्या फडात जाणार नाही, असं त्या दिवशी ठरवलं.

गावच्या दूध संस्थेत माणूस हवं होतं. माझी सातवी झालेली. दूध मोजायला, फॅट लावायला शिकले. पाणी घातलेलं दूध सरळ परत पाठवायचे, मग ते चुलत सासऱ्यांचं का असेना. भीड भिकेची बहीण. निम्म्या भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं, पण त्याचं वाईट वाटलं असं काही म्हणवत नाही. नवरा एकटाच तोडीला जायचा आणि लेक घरी राहून शाळेत जायची. मला तेवढं बास होतं.

मग पावसानं ओळीनं दगा दिला. जनावरं काही छावणीत गेली, काही बाजारात. दूध आटत गेलं आणि संस्थेला कुलूप लागलं. दसऱ्याला मजूर गोळा करणारा मुकादम दारात हजर. तो गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "औंदा तू बी चल. अर्ध्या कोयत्यावर घर न्हाई चालायचं."

"आन् पोरगी?"

तो कोयत्याला धार लावू लागला. मी म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी बघते काय ते."

आमच्या बचत गटाकडं रोपवाटिकेचं काम आलं होतं, पण दुष्काळात पाणी कुठून घालायचं म्हणून एकही बाई पुढं येईना. मी घेतलं. झाडांचं वेड मला पहिल्यापासूनच. सीताफळ खाल्लं की बिया धुऊन वाळवायच्या, ही माझी खोड. "हिला बियांचं डोहाळं लागल्यात," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. बालाघाटाचे उघडे डोंगर बघितले की माझे हात शिवशिवायचे. घरामागं पिशव्या मांडल्या. सीताफळ, करंज, बाभूळ. टँकरचं पाणी प्यायलाच जेमतेम, म्हणून साडीचा आडोसा करून सगळ्यांची अंघोळ रोपांच्या मधोमध, दगडावर बसून. तेच पाणी रोपांना, म्हणून साबण बंद.

लेक कुरकुरायची, "आई, अंगाला चिखलाचा वास येतोय. पोरी हसत्यात."

"हसू दे. तू साळंत हायेस न्हवं? मग झालं."

पाडव्याला नवरा परतला. हिरव्या पिशव्यांच्या रांगा बघितल्या आणि हातपाय धुवायला गेला तोही रोपांपाशीच. पावसाळ्यात तालुक्याच्या सहकारी साखर कारखान्यानं आवारात लावायला आमची रोपं विकत नेली, मग दोन शाळांनी, मग शेजारच्या गावांनी. मी गावोगाव खड्डे दाखवत, रोपांभोवती आळी करायला सांगत हिंडू लागले. सासूबाईही बिया वाळवू लागल्या, अर्थात मला न सांगता.

दसऱ्याला मुकादम पुन्हा आला. नवरा अंगणात पिशव्यांत माती भरत होता.

"काय पाव्हणं, औंदा काय धरू? अर्धा का पुरा?"

आत लेक मोठ्यानं धडा वाचत होती, ती थांबली. नवऱ्यानं मान वर केली नाही.

"एक बी न्हाई," तो म्हणाला. "हितंच लई काम पडलंय."

मुकादम चहा पिऊन गेला. आत वाचन पुन्हा सुरू झालं, मघापेक्षा मोठ्या आवाजात.