माझ्या डोक्यावरची शपथ

तळेघरच्या डोंगरातलं गाव सोडून वडील जुन्नरला आले ते एका कल्हईवाल्याच्या दुकानात भाता ओढायला. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत. तेव्हा सरकारची दारूबंदी होती, पण ओढ्याकडेला हातभट्टीची मिळायची, आणि बाजारच्या दिवशी वडील हमखास पिऊन यायचे. मारत नसत. घरात यायची लाज वाटते म्हणून ओट्यावर बसून रडत.

एका सकाळी आईने मला त्यांच्यापुढे उभं केलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठिवा आन् म्हना, पुन्हा शिवनार न्हाई."

वडिलांनी हात ठेवला. शपथ मोडली तर ती मलाच बाधणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

काही आठवडे बरे गेले. मग एका बाजारच्या दिवशी वडील ओढ्याकडून येताना मला दिसले. त्यांनीही मला पाहिलं. आईला आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्यानंतर लगेचच मला ताप आला. मी तो लपवला. माझ्या तापामुळे वडिलांची चोरी उघडी पडेल असं वाटलं. अंगात कणकण असताना पाणी भरलं, भांडी घासली, माझ्या वाटणीची भाकरी गुपचूप कोंबड्यांना टाकली. शेवटी चुलीपुढेच कोसळले.

आईने माझ्या अंगाला हात लावला आणि वडिलांवर ओरडली, "प्यालात ना? पोरीला खाल्लंत तुमी!"

वडील उठून गेले. त्या दिवशी इतके प्यायले, की लोकांनी उचलून आणलं. डॉक्टरांनी हिवताप सांगितला, गोळ्या दिल्या, मी बरी झाले. वडील मात्र कामावर जाईनात. मी पाणी नेलं तर मला हात लागू नये म्हणून तांब्या लांबच ठेवायला सांगत. मी आजारी पडले नसते तर हे झालंच नसतं, असं मला वाटे.

मग एक दिवस चाचाच घरी आले आणि ओट्यावर वडिलांशेजारी बसले. आई दारात, मी तिच्यामागे.

"कामाला का येत नाय?"

"कुठल्या तोंडानं येऊ, चाचा? पोरीची आन मोडली मी."

"मी अफू खायचो, ठाऊक हाय तुला? आईनं कुराणाची कसम घातली. ती मोडली. मग वाटलं, आता दोजखात, नरकातच जायचं, तर कमी कशाला खायची? लई वर्षं तशीच गेली."

"मग सुटली कशी?"

"एकदम नाय सुटली. कसमा खायचं बंद केलं. तलफ आली की भावाजवळ जाऊन बसायचो, सांगायचो, आली बघ. तो कामाला लावायचा. तू बाजारच्या दिवशी माझ्याजवळ राहा. प्यालास तरी दुसऱ्या दिवशी ये आन् प्यालो म्हणून सांग. पण ही कसम पोरीवरनं काढ."

आई रडायला लागली. "मीच घातली वो तिच्यावर."

चाचा वडिलांना म्हणाले, "पोरीला सांग."

वडिलांनी मला जवळ बोलावलं. "बाय, तुझा ताप डासानं आला. माझ्या पिन्यानं न्हाई. आन् मी पितो..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी पितो ते तुझ्यामुळं न्हाई."

ते पुन्हा कामाला लागले. बाजारच्या दिवशी चाचा त्यांना अंधार पडेपर्यंत दुकानातून हलू देत नसत. पोळ्याला वडील प्यायले, शिमग्याला पुन्हा प्यायले. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून चाचांना सांगत, आईलाही सांगत. आई नुसती ऐकून घेई. हळूहळू पिणं विरळ झालं, आणि लग्न होऊन मी पेठला गेले तोवर सुटलं होतं.

मला मात्र अजूनही घरात कुणाला काही दुखलं की वाटतं, आपल्याच हातून काहीतरी झालं. माहेरी गेले असताना एकदा आईला हे बोलून गेले. तिने निवडत्या तांदळातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तवा मी काय वरडले, ते मला अजून ऐकू येतं."

"मी तर विसरले बाई," मी खोटंच म्हणाले.