टर्बोची शिट्टी

आमच्या यांचं सगळं भांडवल म्हणजे दोन कान. नालवाडीला घरामागे पत्र्याची शेड होती, तिथं डिझेल गाड्या दुरुस्तीला यायच्या. हे इंजिन सुरू करायचे, पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, टायमिंग पुढं गेलंय, नाहीतर नोझल मुततंय. त्यांच्याच तोंडचा शब्द, मी काय करू! सेलूपासून सिंदीपर्यंतचे गाडीवाले या कानांच्या भरवशावर यायचे. कान गेले तर चूल थंड, इतकं ते साधं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सिंदीचा एक कापसाचा व्यापारी आपली पिकअप घेऊन आला, आणि सोबत नागपूरच्या भंगारातून आणलेला टर्बो. आमच्याकडे तोवर असली वस्तू कुणी पाहिली नव्हती. गोगलगाईसारखा लोखंडी डबा आणि आत पंखा. "मिस्त्री, हे बसवून द्या. कापूस भरला का चढावर गाडी दम टाकते," तो म्हणाला. जेवताना यांनी मला सगळं समजावलं. इंजिनचाच धूर तो पंखा फिरवतो, पंखा इंजिनात हवा कोंबतो, मग डिझेल जास्त दिलं तरी जळतं आणि ताकद वाढते. फक्त डिझेलचा पेच बेतानं फिरवायचा, अति झालं की धूर काळा पडतो आणि पिस्टन वितळतो.

"पंखा बराबर फिरला का बारीक शिट्टी येते म्हणते," हे म्हणाले. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा हा माणूस इतका हरखला नसेल.

त्या दिवसांत आमचं रोज वाजायचं. मी चुलीपासून हाका मारायची आणि हे ढिम्म. "कानात बोळे घातले का?" मी करवादायची. मला वाटायचं, टर्बो आला आणि बायको जड झाली.

गाडी सुरू करायची त्या सकाळी शेडपुढे जत्रा जमली. यांनी डोकं बॉनेटमध्ये घातलं, रेस वाढवली, आणि अगं बाई, काय ती शिट्टी! बारीक, लांब, टोकदार. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. व्यापाऱ्यानं टाळ्या पिटल्या. हे मात्र पेचकस कानाला लावून उभेच. पेच थोडा फिरवला, पुन्हा ऐकलं, पुन्हा फिरवला.

"नाई आली अजून," हे म्हणाले.

लोक हसले. मिस्त्री मजाक करून राह्यले, असंच सगळ्यांना वाटलं. मी दारातून यांचा चेहरा पाहिला. हा माणूस मजाक करत नव्हता. इंजिनाची धडधड त्यांना कळत होती, पण बारीक आवाज कानात शिरतच नव्हता. शिट्टी ऐकू येईपर्यंत ते डिझेल वाढवत जाणार होते. मागे रस्त्यावर धूर काळाकुट्ट झाला होता, आणि यांची पाठ तिकडे.

गिऱ्हाईक असताना मी कधी शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी तरातरा गेले, सगळ्या बाप्यांदेखत यांचं मनगट धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "चहा निवून राह्यला. चला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच सांगितलं, बस. यांनी मुकाट्यानं पेच मागे घेतला आणि धूर विरळ झाला. व्यापारी खुशीत गाडी घेऊन गेला.

घरात आल्यावर यांनी विचारलं, "शिट्टी आलती?"

"केव्हाची."

हे भिंतीला टेकून खाली बसले. "मले समजलं होतं वं, कान चालले म्हणून. कोणाले सांगू नको. मिस्त्री बहिरा म्हटला का कोण येते इथं?"

मी नाही सांगितलं. त्यानंतर प्रत्येक गाडीपाशी मी चहाचा पेला घेऊन उभी राहू लागले. आवाज साफ लागला की पेला यांच्या हातात द्यायचा, ही आमची खूण. सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पुढं कळायला लागलं. गाडीवाले दात काढायचे. "मिस्त्री बायकोले इचारल्याबिगर पाना उचलत नाई," म्हणायचे. बायकोचा बैल म्हणायचे. ते यांना ओठांवरून बरोबर समजायचं. एरवी अरेला कारे करणारा माणूस, पण मान खाली घालून गिळायचा. माझा जीव तुटायचा.

एका दुपारी ती टर्बोवाली पिकअप ऑइल बदलायला आली आणि गेली. तिच्या मागच्या धुळीकडे बघत हे म्हणाले, "कशी असते वं ते शिट्टी?"

लहानपणी शिट्टी वाजवली म्हणून आईनं माझ्या तोंडावर मारलं होतं. बाईमाणसानं शिट्टी वाजवायची नसते आमच्यात. मी शेडचं दार लोटलं, यांची काळी, तेलकट बोटं माझ्या ओठांपुढं धरली आणि वाजवली. बारीक, लांब, तश्शीच.

यांनी डोळे मिटले. "हवा तं येऊन राह्यली," म्हणाले.

मी दम लागेपर्यंत वाजवत राहिले.