न प्यायलेलं पाणी

गेल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या कंबरेखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान एक यंत्र बसवलं. त्याची तार माकडहाडाजवळच्या नसेला बारीक झटके देते आणि लघवी माझ्या हुकमात राहते. जे मला जन्मभर जमलं नाही ते बॅटरीला जमतं. पाहुण्यारावळ्यांना मी हे कौतुकाने सांगतो. सत्तरच्या दशकात मात्र हे दुखणं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी जवळा बाजारच्या शाळेत मास्तर होतो. कळ आली की धरवत नसे. हिंगोलीच्या डॉक्टरांचा इलाज एकच: पाणी कमी प्या. एसटीने जायचं असलं की मी सकाळपासून घोटही घेत नसे.

शाळेतल्या माझ्या जिवलग मित्राने गावी घर बांधलं. तो बौद्ध. उन्हाळ्यात त्याने आम्हा सगळ्या मास्तरांना बोलावलं. परतीची एसटी तासाभरात होती. त्याची आई पाणी घेऊन आली.

“नको माय, तहान न्हाई,” मी म्हणालो. कपाळावरून घाम गळत होता.

“घ्या मास्तर. तांब्या घासून आणलाय.”

तिला काय वाटलं ते मला कळलं. मित्राने पाहिलं, तेही कळलं. एक वाक्य पुरलं असतं. पण पँट ओली करणारा मास्तर म्हणवून घेण्यापेक्षा शिवाशिव पाळणारा म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. शिवाशिवीची लाज आमच्यात कुणाला होती? उलट दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पाठ थोपटली. “त्याचे दोस्त असून तुमी रीत राखली, बराबर केलं.” मी मान डोलावली. मित्राने त्यानंतर मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून डबा उघडला नाही.

यंत्र बसल्यावर त्याच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. त्याची आई केव्हाच गेली होती.

“म्हंजे तुझी नस खराब व्हती.”

“व्हय.”

“बरं. त्या दिवशी बाकीच्या मास्तरायनं बी पाणी घेतलं न्हाई. त्या समद्यायच्या नसा तपासल्या का रे कोणी?”

तेवढ्यात त्याची सून पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

“राहू दे बाई. मागतील तवा दे.”

मी मागितलं. मागायला जरा वेळ लागला.