नोंद नसलेले वाचक

कोपरीतल्या एका वाचनालयात मी नऊ वर्षं सहायक होते. सहायक म्हणजे कपाटं पुसायची, पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे आणि ग्रंथपाल सर जेवायला गेले की त्यांचं कामही उरकायचं. सर दोन वर्षांत निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी लागायची, म्हणून मी आधी बी.लिब. केलं आणि मग हट्टानं एम.लिब.लाही नाव घातलं. रविवारी कल्याणला वर्ग, एरवी टिटवाळ्याच्या घरी डबे भरता भरता अभ्यास. घरचे म्हणायचे, पुस्तकं द्यायला-घ्यायला एवढं काय शिकायचं असतं? मला ग्रंथपाल व्हायचं होतं, बस्स.

शेवटी लघुप्रबंध लिहायचा होता. विषय मीच सुचवला, आमच्याच वाचनालयाचा वापर. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक दिलं की तिच्यावर शिक्का पडतो. एकेक कपाट घेऊन मी ते शिक्के मोजले.

आता एक गोष्ट कबूल करते. आमच्याकडची कितीतरी पुस्तकं शिक्क्याशिवाय बाहेर जायची, आणि ती मीच द्यायचे. खाडीकडची एक मासे विकणारी मावशी दुपारी पाटी रिकामी झाली की यायची. सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागे, आणि ती कुणाकडे मागणं तिला नको वाटायचं. पदराला हात पुसून ती एखादी रहस्यकथा न्यायची आणि आठवड्यात परत आणायची. तिच्या मागोमाग शेजारणी आल्या, मग त्यांच्या सुना. सर बघून न बघितल्यासारखं करत. या बायकांइतकं आमच्याकडे कुणीच वाचत नव्हतं.

लघुप्रबंधात त्या आल्या नाहीत. जेवढी नोंद आहे तेवढंच धरा, असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. शिवाय स्वतःचा बेशिस्तपणा स्वतःच्या हातानं कोण लिहून देईल? शिक्के फारच थोडे निघाले. मी निष्कर्षात ठणकावून लिहिलं की वाचक जवळजवळ उरलेले नाहीत, आणि म्हणून प्रशिक्षित ग्रंथपालाची तातडीनं गरज आहे.

बांधलेली प्रत मी वाचनालयाच्या कार्यवाहांना पेढ्यांसकट नेऊन दिली. मूर्खपणा, दुसरं काय. त्यांचं घराणं इथलं जुनं, वाचनालयाची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. माझा लघुप्रबंध इतका मन लावून वाचणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. महिन्याभरात समितीची बैठक झाली. सर निवृत्त झाले की वाचनालय बंद करायचं आणि तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची, असं ठरलं. अभ्यासिकेला ग्रंथपाल लागत नाही.

मी त्यांच्याकडे धावत गेले. मासे विकणाऱ्या बायकांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि निष्कर्षाचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"मॅडम, वाचक नाय हे तुम्हीच लिवलंय ना?"

"पण त्या वाचतात, दादा."

"मग लिवलं का नाय?"

मी ते पान मिटलं आणि वाचनालयात परतले.

मावशीला मी वाचनालय बंद होतंय एवढंच सांगितलं. का, ते सांगायची हिंमत झाली नाही. उलट तिनंच मला धीर दिला. तू शिकलेली आहेस, तुला कुठेही नोकरी लागेल म्हणाली. मी मान डोलावली. त्यानंतर ती आली नाही.

पुस्तकं बाद करायच्या याद्यांवर पदवीधर ग्रंथपालाची सही हवी होती, आणि सर तर निवृत्त होऊन गेले होते. मग कार्यवाहांनी मला नेमणूकपत्र दिलं. पद ग्रंथपाल, मुदत याद्या पूर्ण होईपर्यंत. ते पत्र तोंडावर फेकायला हवं होतंस, असं घरचेसुद्धा म्हणाले. पण मला ते पद इतकं हवं होतं की मी पत्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी याद्या करायला बसले. प्रत्येक पानाखाली सही करून तिच्याखाली ग्रंथपाल असं लिहीत गेले. अक्षर सुरेख येत होतं आणि ते बघून मला बरं वाटत होतं, याची लाज अजून जात नाही.