चढावरची टकटक

बिराजदार सरांच्या गाडीत बसायचं तर एकच नियम पाळावा लागे: चढ लागला की गप्प बसायचं. तुळजापूरहून लोहाऱ्याच्या शाळेत अप-डाउन करणारे आम्ही तिघं. गाडी सरांची, पुढच्या सीटवर मी, आणि मागं हिंदी शिकवणाऱ्या मुलाणी मॅडम. वाटेत बदल्यांपासून भाजीपर्यंत सगळे विषय व्हायचे. पण चढ दिसला की सर स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचे आणि आम्हाला तोंडातलं वाक्य गिळावं लागायचं. मुलाणी मॅडमनी एकदा आलेली शिंकसुद्धा दाबली होती.

"ऐकू द्या," सर म्हणायचे. "ती बोलतीय."

ती म्हणजे गाडी. पुण्याच्या भाच्याकडून घेतलेली, जुनी, पेट्रोलवरची. चढावर जोर लागला की तिच्या इंजिनातून बारीक, कोरडी टकटक यायची, डब्यात चिंचोके हलवल्यासारखी. सर विज्ञानाचे, त्यामुळे त्या टकटकीवरचा तास आम्ही कितीदा तरी ऐकला. ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच थोडं पेट्रोल आपलं आपण पेटतं, त्याचा तो ठोका.

"पेट्रोलचं ऑक्टेन म्हणजे ताकद न्हाय बरं का," ते बजावायचे. "ऑक्टेन म्हणजे दम. आपली पाळी येईस्तोवर न पेटता थांबायचा दम."

हीच पट्टी ते माणसांनाही लावायचे. आमचे हेडसर कमी ऑक्टेनचे, कारण फाईल उघडायच्या आधीच भडकायचे. मुलाणी मॅडमचा नंबर सगळ्यांत वर. "आणि माझा?" मी विचारलं, तर म्हणाले, "तुमचा अजून तपासायचाय."

एवढं ज्ञान असून हा माणूस चढावर गिअर मात्र बदलायचा नाही. गाडी चौथ्यात कण्हत असायची आणि हे ढिम्म. "चौथ्यात चढती तर तिसऱ्यात कशाला? खालचा गिअर म्हणजे गाडीचा अपमान." मी म्हणायचो, अपमान होऊ द्या, टकटक तरी थांबेल. त्यावर उत्तर ठरलेलं: "तुम्ही मराठी शिकवा."

एका उन्हाळी सुट्टीनंतर सरांनी सोलापूरला जाऊन महागाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून आणलं. शाळेचा पहिला दिवस, तोच चढ, वर झालेलं बोट. टकटक नेहमीसारखीच, अगदी स्पष्ट. सरांचा चेहरा मात्र उजळला. "गेली! ऐकलंत? जरासुद्धा आवाज न्हाय!"

मी आरशातून मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगणार? सरांनी तर स्टाफरूममध्ये त्या पेट्रोलचं कौतुक करून सगळ्यांना भंडावून सोडलं.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. आपण विचारावं एक आणि सरांनी उत्तर द्यावं भलत्याचंच. वर्गात हळू बोलणाऱ्या मुलींवर ते खेकसायला लागले, "मोठ्यानं बोल की, तोंडात काय धरलंय?" त्या मुलींनी हात वर करायचंच सोडलं. मॅडमना ते फार लागलं.

आणि एकदा टपरीवर चहा पिताना सर आपणहून म्हणाले, "घरी लई शांत झालंय हल्ली. लेक सासरी गेल्यापासून मंडळी बोलायचीच बंद झाली. माझ्यावर काय राग धरलाय कळंना. इचारायचं पण धाडस होईना."

महादेवीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कर्नाटकातल्या आळंदकडच्या. बारीक आवाजाच्या, पण बोलायला बसल्या की कानडी-मराठी एक करून थांबायचं नाव न घेणाऱ्या. चारच दिवसांपूर्वी त्या मला बाजारात भेटल्या होत्या आणि भाजी घेईपर्यंत अखंड बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी चढ आला, बोट वर झालं, आणि मॅडम पहिल्यांदाच नियम मोडून मोठ्यानं बोलल्या. "सर, माफ करा. गाडी बरी झालेली न्हाय. आवाज येतोय. आम्हा दोघांनाबी येतोय. तुमच्या कानाला येईना झालाय."

सरांनी गाडी कडेला घेतली. माझ्याकडे वळून विचारलं, "व्हय?"

"व्हय सर."

आता हे भडकणार, असं मला वाटलं. ते समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. "म्हणजे घरी ती बोलत असंल," ते हळूच म्हणाले. "रोज बोलत असंल, आणि मी..." मॅडमनी डोळ्यांना पदर लावला.

सोलापूरला तपासणी झाली आणि कानाला यंत्र लागलं. ते लावून सर पहिल्यांदा चढावर आले तेव्हा बोट वर झालं, टकटक आली, आणि ते खळखळून हसले. "अगं, तू हायसच व्हय!" म्हणत त्यांनी गिअर तिसऱ्यात टाकला. आवाज थांबला.

"झाला अपमान," मी म्हटलं.

"होऊ दे. ऐकू आल्यावर खाली यायला कसली लाज?"

गाडीच्या पुस्तकात साधंच पेट्रोल सांगितलेलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. वर्गात जाऊन त्यांनी मुलींना सांगितलं, "चूक माझ्या कानाची होती, तुमच्या आवाजाची न्हाय." हळूहळू हात पुन्हा वर यायला लागले.

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाला काकूही आल्या होत्या, म्हणून परतताना मी माझी पुढची जागा त्यांना दिली. शाल, नारळ मांडीवर घेऊन काकू बोलायला लागल्या. हेडसरांचं भाषण, जेवणातलं मीठ, जावयाची नवी नोकरी, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत. तेवढ्यात चढ आला. सरांचं बोट वर झालं. मॅडम आणि मी सवयीनं गप्प झालो. आम्हाला बघून काकूही थांबल्या.

टकटक आली. सरांनी गिअर खाली घेतला, ती थांबली. गाडीत सगळं शांत झालं. तेव्हा सरांनी बायकोकडे वळून पाहिलं.

"तू का थांबलीस?" ते म्हणाले. "माताड, माताड. तू बोल."

काकू लाजून हसल्या, पदर सावरला, आणि तुटलेलं वाक्य त्यांनी पुन्हा सुरू केलं. सर गाडी तिसऱ्यातच ठेवून, अगदी सावकाश, तो चढ चढत राहिले.