ढोबळेचा नमस्कार

परवा मी बायकोच्या चेहऱ्याचा लेप पोळीला लावून खाल्ला. फ्रिजमध्ये वाटी होती, पिवळसर, वर दही — मला वाटलं, नवी चटणी. संत्र्याच्या वाळवलेल्या साली आणि मसुराची डाळ होती ती. अळणी लागली म्हणून मी वरून मीठही घातलं. ही पोट धरून हसली. मीही हसलो. मग ती म्हणाली, रविवारी ढोबळे जेवायला येणार म्हणून केला होता, आणि माझं हसू जागीच विरलं.

या ढोबळेची गोष्ट मी घराबाहेर कुणालाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. म्हणजे — सांगून पाहतो.

आधी माझ्या चेहऱ्याबद्दल. हसू नका. पन्नाशी ओलांडली तरी कातडीवर तुकतुकी आहे माझ्या. ऑफिसात लोक विचारतात, काय खाता? मी व्याख्यान देतो — सकाळी आवळ्याचा रस, भिजवलेले बदाम, जेवणात जवसाची चटणी, पालेभाजी, दुपारी पपई, तर्री-पोहे बंद. ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं मीच करतो. मी फक्त तोंड उघडतो. डॉक्टरांनी मला साखरेचा धाक घातला तेव्हापासून आवळे किसते ही, बदाम सोलते ही. आणि ती स्वतः काय खाते? खरं सांगू — मी कधी पाहिलंच नाही. आमचं झाल्यावर ती बसायची, उरलेली पोळी चहात बुडवून. गालांवर वांग आलं, डोळ्यांखाली काळं झालं. ती माझ्याहून धाकटी आहे. हे लक्षात असू द्या. माझ्या नव्हतं.

काही वर्षांपूर्वी कामठी रोडवरच्या एका लॉनवर लग्न होतं. हिनं कोशाची रेशमी साडी नेसली होती, केसांत गजरा. तिथं ढोबळे भेटला. तेव्हा तो आमच्या चंद्रपूरच्या शाखेत होता, माझ्या घरचं कुणी त्यानं पाहिलेलं नव्हतं. म्हणाला, "सर, तुम्ही तर दिवसेंदिवस जवानच होऊन राहिले." मी फुगलो. मग जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहत त्यानं विचारलं, "तुमच्यासोबत आल्या त्या मोठ्या ताई का?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

मी 'हो' म्हणालो.

"अन् वहिनी?"

"तिले बरं नाही."

त्याला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणालो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला लाज वाटली — तिची. तिनं सोललेले बदाम खाऊन तुकतुकलेल्या तोंडानं मला तिची लाज वाटली.

गडी सरळ रांगेत गेला आणि तिच्या पाया पडला. पण तो काही बोलायच्या आत मागच्यांनी त्याला पुढं सरकवलं. माझं डोकं दुखतं असं सांगून मी तिला जेवण अर्धवट टाकून घरी आणलं.

तेव्हापासून ही त्याचं कौतुक करते. "आजकाल कोण वाकते हो असं, साहेबाच्या बायकोपुढे?" प्रत्येक वेळी मी विषय बदलतो. त्याची नागपूरला बदली झाली, तेव्हा त्याला जेवायला बोलावा हा हट्ट तिचाच. मी टाळत राहिलो — कधी ऑडिट, कधी पितृपक्ष. एकदा तर त्या बिचाऱ्याला कावीळ लावली. शेवटी तिनं रविवार ठरवूनच टाकला. आता तो दारात येणार, तिला ताई म्हणणार, आणि तिच्यासमोर मला विचारणार — वहिनी कुठे आहेत?

काल दुपारी ती पुन्हा साली घेऊन बसली. मी खाल्लेल्या लेपाच्या जागी नवा करायला. तेव्हा तिला सगळं सांगितलं. 'हो' सकट, 'बरं नाही' सकट. हसू येईल असं काही मध्ये घातलं नाही.

मिक्सरच्या झाकणावर तिचा हात होता. चालू केला नाही तिनं. माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"त्या दिवशी तर मले वाटलं, मी चांगली दिसून राहिली."